परतीचा पाव

फेलिसियानोच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले असे म्हटले, तर तो एलादिओ तुर्पो यांच्यावर अन्याय होईल. उत्तर गेले नव्हते, हे खरे. पण ईस्टरच्या आठवड्यात आलेल्या त्या पत्राचे उत्तर ते ऑगस्ट उजाडला तरी रोज संध्याकाळी लिहीत होते. लिहायचे, वाचायचे, एखादे वाक्य उद्धट वाटायचे, ते मऊ केले की लाचार वाटायचे, आणि कागद पुन्हा शब्दकोशात जायचा. उंच डोंगरांतल्या पुनो शहराच्या वाचनालयात उभी हयात ग्रंथपाल म्हणून काढलेल्या माणसाला 'नाही' हा एवढासा शब्द नीट लिहिता येऊ नये, याचा त्यांना स्वतःचाच संताप येत होता.

पत्र साधे होते. फेलिसियानो लहानपणी थंडीच्या दिवसांत वाचनालयातल्या शेगडीजवळ येऊन बसायचा, आणि नुसते बसणे बरे दिसत नाही म्हणून वाचायचा. एलादिओंना तो 'ताइता' म्हणायचा, म्हणजे बाबा. तिकडे कुठल्याही वडीलधाऱ्याला तसेच म्हणतात, त्यामुळे एलादिओंनी ते कधी फारसे मनाला लावून घेतले नव्हते. आता सिकुआनीत त्याची स्वतःची बेकरी होती, बायको होती आणि तीन वर्षांची मुलगी होती. मुलीच्या केसांना जन्मापासून कात्री लागलेली नव्हती. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तिचे जावळ काढायचे होते. पहिली बट धर्मबापाने कापायची असते, आणि 'तो मान आपण घ्यावा' असे फेलिसियानोने लिहिले होते. सोबत रिवाजाप्रमाणे ताटाएवढा गोल पाव आणि एक चीज पाठवले होते.

घोटाळा झाला तो पावाचा. पाव परत गेला तर नकार, खाल्ला तर होकार, हे त्या डोंगरांत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. एलादिओंनाही ठाऊक होते. पण पत्र ते नेहमी जेवणानंतर, चष्मा पुसून, सावकाश वाचत. त्या दिवशीचे जेवण म्हणजे तो पाव होता. पत्राची तिसरी ओळ आली तेव्हा शेवटचा घास त्यांच्या तोंडात होता, आणि तो गिळावा की नाही हे त्यांना कितीतरी वेळ कळेना.

धर्मबाप व्हायचे म्हणजे चारचौघांत उभे राहून भाषण करायचे. भाषणाच्या नुसत्या कल्पनेने त्यांचे हात थरथरत, आणि त्याच हातात कात्री, समोर तीन वर्षांच्या मुलीचा कान. शिवाय हे नाते जन्माचे. लग्न नाही, मूल नाही, शेजाऱ्याशी बोलायचे तरी आधी मनात वाक्य जुळवणारा माणूस ते काय सांभाळणार? एवढ्या आयुष्यात हा मान त्यांना दुसऱ्या कोणीच देऊ केला नव्हता, तेव्हा लोकांचेही आपल्याविषयी हेच मत असणार, असे ते धरून चालले होते.

शेवटी जावळाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, त्यांनी तसाच एक गोल पाव आणि तसेच एक चीज विकत घेतले, पांढऱ्या फडक्यात बांधले, नकाराचे तीन पानी पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आणि सिकुआनीची गाडी पकडली. पाव द्यायचा, पत्र द्यायचे, मान खाली घालून परत फिरायचे. यात बोलावे लागणार नव्हते, हा या बेताचा सर्वांत मोठा गुण होता.

पुनोहून गाडी सुटली तेव्हा त्यांच्या बाकावर ते एकटेच होते. त्या प्रवासातली ही शेवटची चांगली गोष्ट. हुलियाका स्टेशनात दार उघडले आणि आधी गाठोडी आत आली, मग माणसे. गाठोड्यांपैकी बरीचशी एकट्या एर्मेलिंदाबाईंची होती. या बाई सरहद्दीपलीकडून माल आणून विकत. अंगावर एकावर एक घागरे, डोक्यावर गोल टोपी, आणि डब्यात शिरल्याबरोबर डबा आपलाच असल्यासारखा आवाज.

"काका, पाय वर घ्या."

"कुठे घेऊ?"

"कुठेही घ्या. खाली माझा माल आहे."

एलादिओंनी गुडघे हनुवटीपर्यंत आणले. तेवढ्यात लोकरीचे व्यापारी बोनिफासिओशेठ आले. हा गृहस्थ दीड माणसाच्या आकाराचा होता आणि त्याच्या हातात फीत बांधलेला भला मोठा पुठ्ठ्याचा खोका होता. तो खोका त्याने बाकावर, एलादिओंच्या मांडीला टेकवून ठेवला.

"हा इथंच राहणार. नाजूक आहे."

"पण ही जागा माझी..." एलादिओ म्हणाले.

"अर्धी तुमची. उरलेल्या अर्ध्यावर खोका. मी तक्रार करतोय का?"

करायला त्याला कारणच नव्हते. तो स्वतः दीड जागेवर बसला होता. एलादिओंनी रेल्वेच्या वरिष्ठांना मनातल्या मनात एक कडक पत्र लिहायला घेतले. 'महोदय, तिकिटावर छापलेला आसनक्रमांक ही आपल्या मते कविता आहे काय' अशी त्याची सुरुवात झाली. ती जरा जास्तच झोंबेल असे वाटून त्यांनी 'काय' काढले, मग 'कविता' काढली. तोवर कुणीतरी त्यांच्या पावलांवर एक बांधलेली मेंढी ठेवली होती.

गाडी पठारावरून चढत राहिली. बाहेर पिवळे गवत, मधूनच लोकरीच्या लामा प्राण्यांचा कळप, वर उघडेबोडके निळे आभाळ. एलादिओंना यातले काही दिसत नव्हते, कारण खिडकीला एर्मेलिंदाबाईंनी सामान टांगले होते. त्यांनी फडके छातीशी धरले होते, आणि बाईंचे नाक त्या फडक्याकडे वळले होते.

"पाव आणि चीज," बाई म्हणाल्या. "कुणाकडं मागणं घेऊन चाललाय?"

खोटे बोलायला वेळ लागतो आणि त्यांच्यापाशी तेवढा वेळ नव्हता. "मागायला नाही," ते म्हणाले. "परत करायला."

आजूबाजूचे बोलणे थांबले. मेंढीसुद्धा गप्प झाली.

"परत? कसला पाव परत?"

"जावळाचा."

"लेकराच्या केसांना नाही म्हणायला चाललात?" बाईंनी टोपी मागे सारली. "ऐका हो, हे काका लेकराच्या केसांना नाही म्हणायला चाललेत."

ज्यांनी ऐकले नव्हते, त्यांनीही आता ऐकले. डब्याच्या पार टोकाकडून कुणीतरी विचारले, "मुलगा की मुलगी?" "मुलगी," असे एलादिओंनी तोंडातल्या तोंडात सांगितले, आणि ते उत्तर हातोहात मागे पोचवण्यात आले. मागून एक लांबलचक "अरेरे" परत आले.

सर्वांत जास्त भडकले बोनिफासिओशेठ. "तुमच्यासारख्या माणसांमुळं," ते म्हणाले, "लोकांना ऐनवेळी दुसऱ्याचं दार ठोठावावं लागतं. आणि ज्याचं दार ठोठावतात, त्यानं हातातलं काम टाकून धावायचं. जे मिळेल ते उचलून, मिळेल त्या गाडीनं. मला विचारा."

त्यांना कुणी काही विचारले नाही. सगळ्यांचे लक्ष एर्मेलिंदाबाईंकडे होते. त्यांनी फडक्यात हात घालून पाव अंगठ्याने दाबून पाहिला.

"कधी आला होता हा?"

"ईस्टरला."

"ईस्टरचा पाव ऑगस्टात एवढा मऊ? संत झालाय का हा पाव, काका?"

डबा हसला. ईस्टरच्या वेळचा पाव आज दगड झालेला असायला हवा, ही गोष्ट एवढ्या साऱ्या मसुद्यांत एलादिओंना एकदाही सुचली नव्हती. त्यांचे कान तापले.

"म्हणजे पहिला खाल्लात."

एलादिओ खिडकीकडे पाहू लागले. खिडकीत बाईंच्या थर्मासच्या बाटल्या लटकत होत्या.

"खाल्लात आणि आता नाही म्हणताय," शेठ म्हणाले. "मी असतो ना त्या मुलीचा बाप, तर..."

"तुम्ही नाही आहात," एलादिओ म्हणाले, आणि आपण हे मोठ्याने बोललो याचे त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटले.

आयाविरीला जकातवाले चढल्याची बातमी शेजारच्या डब्यातून आली. एर्मेलिंदाबाई एका क्षणात दुसरीच बाई झाल्या. प्रत्येक थर्मासला एकेक मालक मिळाला, मोजे लोकांच्या पायांत गेले, आणि एका गाठोड्यातून नव्याकोऱ्या कात्र्या निघून प्रत्येकाच्या खिशात एकेक पडू लागली. नाही म्हणायची पद्धत नव्हती. आज बाईंचा माल, उद्या दुसऱ्या कुणाचा. त्या गाडीने जाणारा प्रत्येक जण कधी ना कधी दुसऱ्याचे काहीतरी मांडीखाली घेऊन बसलेला होता. एलादिओंच्या कोटाच्या खिशातही एक कात्री आली.

"बाई, हे बेकायदा आहे."

"एक कात्री बेकायदा नसते काका, गठ्ठा बेकायदा असतो. तुमच्याकडं एकच आहे."

जकातवाला तरुण होता आणि मिशी नवी होती. त्याने खिसे चाचपायला सुरुवात केली. एक म्हणाला, मी शिंपी आहे. दुसऱ्याने मेंढीकडे बोट दाखवले. बोनिफासिओशेठ रुबाबात म्हणाले, "लोकर." मग तो एलादिओंपुढे उभा राहिला.

"आजोबा, ही कात्री कशासाठी?"

एलादिओंनी समोर पाहिले. एर्मेलिंदाबाईंचा चेहरा पहिल्यांदाच गप्प होता. त्या गाठोड्यांत बाईंचे सगळे घरदार बांधलेले असणार, हे त्यांना त्या क्षणी दिसले. खोटे बोलायचे नव्हते, आणि खरे तर बोलायचेच नव्हते.

"जावळ आहे," ते म्हणाले. "उद्या. सिकुआनीला."

"आणि तुम्ही धर्मबाप?"

श्वास रोखायला त्या उंचीवर फारशी हवा नसते, तरी सगळ्या डब्याने तो रोखला.

"हो," एलादिओ म्हणाले.

जकातवाल्याने टोपी काढली, त्यांचा हात हातात घेऊन दाबला, "लेकीला आशीर्वाद सांगा" म्हणाला, आणि अशा शुभकार्याला निघालेल्या डब्यात आणखी शोधणे बरे दिसणार नाही असे वाटून पुढे गेला. एलादिओंच्या मनात आता जकात खात्याला एक पत्र सुरू झाले. पण त्यात तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करायची, हे ठरेना.

"कात्री ठेवा तुमच्याकडंच," बाई म्हणाल्या. "माझ्याकडून आहेर."

"मला आहेर नको. मी नकार द्यायला चाललो आहे."

"आत्ता सरकारसमोर हो म्हणालात की."

ला रायाच्या खिंडीत गाडी थांबली. समोरून मालगाडी यायची होती आणि ती येत नव्हती. ही त्या मार्गावरची सर्वांत उंच जागा. तिथे नुसते उभे राहिले तरी धाप लागते, आणि भांडायचे असेल तर दोन वाक्यांच्या मध्ये विश्रांती घ्यावी लागते. लोकांची डोकी ठणकू लागली. त्यावर चघळायची कोकाची पाने या हातातून त्या हातात फिरली. खालच्या स्टेशनांवर उकडलेला मका आणि भाजलेले मांस घेऊन बायका चढत, इथे मात्र वाऱ्याखेरीज कोणी चढले नाही. दुपार कलली. आपोआप सगळ्यांची नजर पांढऱ्या फडक्यावर गेली.

"नाही," एलादिओ म्हणाले.

"असं बघा," एर्मेलिंदाबाई धाप आवरत म्हणाल्या. "तुम्ही धर्मबाप झालात. आता पाव परत करता येत नाही. जो परत करता येत नाही, तो मग नुसता पाव. आणि नुसता पाव भुकेल्या माणसांसमोर बांधून ठेवणं, हे शोभतं का तुम्हाला?"

या युक्तिवादात कुठेतरी भोक होते. पण ते सापडेपर्यंत फडके सुटले होते. बाईंनी पाव मोडला, आणि तुकडे मागपर्यंत गेले. बोनिफासिओशेठ सकाळपासून या पावाच्या मालकाची लाज काढत होते. त्यांनी पाव्हणा मोठा म्हणून तुकडाही मोठा घेतला, मग चीजचा मोठा भाग घेतला, आणि मिशीवरचा चुरा झाडत म्हणाले, "पाव चांगला आहे. माणसाबद्दल माझं मत बदललेलं नाही."

"तुमच्या खोक्यात काय आहे?" एलादिओंनी विचारले. "तोही उघडा की."

"तो दुसऱ्याचा आहे. असं कसं उघडू?"

एलादिओंचा संताप अनावर झाला, आणि त्या भरात त्यांनी आपल्या वाट्याचा तुकडा खाऊन टाकला. दुसऱ्यांदा.

मालगाडी येऊन गेली. गाडी उताराला लागली तशी हवा दाट झाली, आणि लोकांना बोलायला पुन्हा दम आला. तो सगळा त्यांनी एलादिओंवर खर्च केला. कात्री कशी धरावी, पोर रडले तर काय करावे, भाषणात आधी देवाचे नाव घ्यावे की आजीचे, यावर डब्यात दोन पक्ष पडले. बाईंनी शाल पसरली. "ही झालर कापून दाखवा. एकच दोरा."

"माझा हात थरथरतो."

"माझी शाल थरथरत नाही. कापा."

त्यांनी कापला. हात थरथरला, दोरा मात्र सरळ कापला गेला. बाईंनी तो उजेडात धरून पाहिला आणि घागऱ्याच्या खिशात टाकला. सिकुआनीच्या अलीकडे, निलगिरीची झाडे दिसू लागली तेव्हा, एलादिओंच्या लक्षात आले की आपण मनात पत्र लिहीत नसून भाषण जुळवतो आहोत. त्यातले एक वाक्य बरे जमले होते. ते शेगडीविषयी होते.

सिकुआनीच्या फलाटावर दोन बासऱ्या आणि एक ढोल उभा होता. पुढे फेलिसियानो होता. कानांवर पीठ, हातात टोपी, शेजारी रंगीत फितींनी केस बांधलेली एक मुलगी. एलादिओ पायरीवर आले. एवढे सगळे आपल्यासाठी, या विचाराने त्यांनी कोट सारखा केला. त्यांनी पाय खाली टाकला, आणि मागून बोनिफासिओशेठ खोका सांभाळत त्यांना बाजूला सारून पुढे गेले.

"आलात," फेलिसियानो शेठना मिठी मारत म्हणाला. "वाटलं, गाडी खिंडीतच राहते की काय. बघ पोरी, हा तुझा धर्मबाप आला."

ढोल वाजला. शेठच्या खांद्यावरून फेलिसियानोला मग कोटातला म्हातारा दिसला आणि त्याचा चेहरा पडला.

"ताइता. तुम्ही?" तो जवळ आला. "तुमचं काही उत्तर आलं नाही. मला वाटलं, नको असेल तुम्हाला. सांगायला अवघड वाटत असेल. म्हणून मग परवा शेठना तार केली."

आता खरे तर सगळे मनासारखे झाले होते. भाषण टळले, कात्री टळली, नकारसुद्धा न देता पोचला. एलादिओंनी आतला खिसा चाचपला, पत्र जागेवर होते. तिथून वळायचे आणि परतीच्या गाडीची वाट पाहायची, एवढेच उरले होते. पण वळण्याऐवजी ते एक पाऊल पुढे आले, आणि आपल्याला कशाने पुढे ढकलले ते त्यांना ओळखू आले. तो संताप होता.

"पाव मी खाल्लाय," ते म्हणाले.

बासरीवाला थांबला.

"पाव मी खाल्लाय, फेलिसियानो. ईस्टरला. आख्खा, चीजसकट. माणसाने पाव खाल्ला की त्याला उत्तर वेगळं लिहावं लागतं काय? मग पाव पाठवायचाच कशाला?"

गाडी पाणी भरायला थांबली होती. प्रत्येक खिडकीत डोकी होती, आणि मधल्या खिडकीतून एर्मेलिंदाबाई कमरेपर्यंत बाहेर आल्या होत्या.

"बरोबर बोलतायत काका," त्या म्हणाल्या. "शेठ, तुम्हाला पाव आला होता?"

"वेळ कुठं होता? तार आली. मी तारेनं हो म्हटलं." बोनिफासिओशेठ लाल झाले. "म्हणजे तो पाव परत करणारा... हे इथलंच जावळ होतं? सकाळपासून हा माणूस नको नको म्हणतोय, आणि आता..."

"तारेला मीठ लागत नाही. खाल्लेलं मोजतात." बाईंनी त्यांना पुढे बोलू दिले नाही. "खिंडीत तुम्ही कुणाचा पाव खाल्लात?"

शेठ थांबले. "ह्यांचा."

"मोठा तुकडा," मागच्या खिडकीतून कुणीतरी आठवण करून दिली.

"झालं तर. काकांनी फेलिसियानोचा पाव खाल्ला, काका त्याला बांधलेले. तुम्ही काकांचा खाल्लात, तुम्ही काकांना बांधलेले. काका, मागा काय मागायचं ते."

"हा कुठला न्याय?" शेठ म्हणाले. पण त्यांनी दोन्ही बाजूंच्या खिडक्यांकडे पाहिले, आणि गाडीभर माणसे साक्षीला आहेत हे त्यांना दिसले.

एलादिओंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "खोक्यात काय आहे?"

"केक. तीन मजली."

"मग केक तुमचा," एलादिओ म्हणाले. "केकचे धर्मबाप तुम्ही. आणि भाषणही तुम्हीच करायचं. सकाळपासून ऐकतोय, तुम्हाला चांगलं बोलता येतं."

शेठच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी विरघळला. भाषण त्यांनी बहुधा लोकर विकतानाच जुळवायला घेतले होते. "किती वेळ बोलू?" त्यांनी विचारले.

फेलिसियानो एलादिओंकडे पाहत उभा होता. मुलीचा बाप धर्मबापाला 'कोंपाद्रे' म्हणतो, आणि एकदा म्हटले की मग मरेपर्यंत दुसरे काही म्हणत नाही. "मला आधीपासून तुम्हीच हवे होतात," तो म्हणाला. "चला घरी, कोंपाद्रे."

दुसऱ्या दिवशी बोनिफासिओशेठ इतके लांब बोलले की केकच्या वरच्या मजल्यावरची साखरेची फुले ओघळून खालच्या मजल्यावर आली. ते बसले तेव्हा सगळे इतके दमले होते की एलादिओंच्या हाताकडे कुणी निरखून पाहिले नाही. हात थरथरत होता. मुलीने मान वर करून त्यांना विचारले, "तुला थंडी वाजते का?" "थोडी," ते म्हणाले. मग ती केकवरची फुले मोजत स्थिर बसली, आणि पहिली बट फितीसकट त्यांच्या ओंजळीत आली. शेगडीविषयीचे वाक्य त्यांनी कुणाला ऐकवले नाही. जेवताना फेलिसियानोला मात्र हळूच सांगितले.

सोमवारी परतीची गाडी होती. स्टेशनवर एलादिओंनी आतल्या खिशातून ते तीन पानी पत्र काढले, भिंतीला टेकवले, आणि शेवटी दोन ओळी लिहिल्या.

"माझंच आहे ना ते?" फेलिसियानो म्हणाला. "द्या की. मी इथंच उभा आहे."

"पत्राचं उत्तर टपालानेच जातं," एलादिओ म्हणाले. एवढ्या प्रवासात कुणीतरी काहीतरी नियमाप्रमाणे करायलाच हवे होते.

त्यांनी ओळी पुन्हा वाचल्या. 'वर दिलेली सर्व कारणे खरी आहेत आणि आजही लागू आहेत. पहिली बट मी कापली.' एक शब्द बदलावासा वाटला. तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली, आणि त्यांनी पाकीट चिकटवून पेटीत टाकले.